कैलासात बसायची जागा

सन ब्याऐंशी. माझं वय तेव्हा एक्केचाळीस, फार तर बेचाळीस. शाळा दुसरीपर्यंतच झाली, जन्मतारीख कोणी मांडून ठेवली नाही. पण त्या साली लातूर जिल्हा झाला आणि देवणीकडचं आमचं गाव उस्मानाबादकडून सुटून लातूरकडं गेलं, हे पक्कं आठवतं. कचेरी जवळ आली म्हणून लोक खूश होते. पाऊस काही जवळ आला नव्हता. श्रावण संपत आला तरी तूर गुडघ्याला लागली नव्हती.

त्या साली मी एका मेलेल्या माणसावर जळत होतो. तसा जळत होतो आधीपासूनच, पण त्या श्रावणात ते चारचौघांत बाहेर पडलं.

तो म्हणजे माझ्या बायकोचा पहिला नवरा. बहात्तरच्या दुष्काळात गावचा आड आटला, तेव्हा तो खोल करायला जे खाली उतरले त्यांत तो होता. दरड कोसळली आणि तो गेला. पुढं त्याच आडाला पाणी लागलं. गाव ते पाणी पितं, मीही पीत होतो. बायको डोक्यावर घागर घेऊन दारात यायची आणि मला वाटायचं, हा मेला तरी माझ्या घरात पाणी भरून राहिलाय.

माझी पहिली बायको बाळंतपणात गेली होती. आमच्यात विधवेचं लग्न चालतं. दुष्काळ सरल्यावर चार माणसांसमोर मी हिच्याशी पाट लावला. पाटाला वाजंत्री नसते. त्याच्या लग्नात मात्र उदगीरहून बँड आला होता, आणि तिथं मी स्वतः जेवून आलो होतो. लाडू चांगले होते. हेही मी विसरलो नाही.

आमच्यात मयताला आडवं करत नाहीत, बसवून पुरतात. डाव्या तळहातावर लिंग, अंगाला विभूती, भोवती बेलाची पानं. त्याचं रान माझ्या रानाला लागून होतं आणि त्याला बसवलं होतं ते दोघांच्या मधल्या धुऱ्यावर, बांधावरच. वर दगडी ओटा. त्याच्या आईनं ओट्याच्या शेजारी एक जागा मोकळी सोडली होती, सुनेसाठी. सून पुन्हा पाटाला उभी राहील असं त्या म्हातारीच्या मनात नव्हतं. म्हातारी पुढं गेली, जागा तशीच राहिली. नांगर वळवताना ती जागा रोज माझ्या डोळ्यांत खुपायची. मग दरसाल मी नांगराचं एकेक तास आत घालत गेलो. धुरा बारीक झाला. कोणी बोललं नाही. मी इमानानं सांगतो, मला लाज वाटत नव्हती.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गावात स्वामी आले. दुपारी महादेवाच्या देवळात प्रवचन होतं. एका बाजूला गडी, एका बाजूला बाया. स्वामी कैलासाचं सांगत होते. तिथं भूक नाही, तहान नाही, म्हातारपण नाही. आनंद असा की तो कधी संपतच नाही. दुष्काळी लोक, तहान नाही म्हटल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या.

मला मात्र छावणीतला माझा बैल दिसायला लागला. चांगला देवणी जातीचा, कामाचा. बहात्तरला छावणीत त्याला बसल्या जागी चारा मिळत होता, जू नाही, औत नाही. पंधरा दिवसांत तो जनावर राहिला नाही. नुसता दावणीकडं बघत उभा राहायचा, हाक मारली तर कान हलवायचा नाही. संध्याकाळी जू उतरल्यावर बैल जो सुस्कारा सोडतो, त्याच्यात मला आनंद कळतो. जूच नसंल तर सुस्कारा कशाचा? हे मी विचारणार होतो.

तेवढ्यात स्वामी म्हणाले, गावासाठी जीव देणारा तर थेट तिथं पोचतो. कोणीतरी लगेच माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं सांगितलं. सगळं देऊळ हळहळलं. मी बायकांच्या बाजूला बघितलं. माझी बायको खाली बघत होती, आणि तिचं ते खाली बघणं मला सोसलं नाही.

मी उभा राहिलो. बैलाचं सगळं विसरलो. म्हणालो, "शरणार्थ स्वामी. एका बाईचे दोन नवरे, दोघंही कैलासात पोचले, तर ती कोणापाशी बसंल?"

गडी हसले. बायांनी तिच्याकडं माना वळवल्या. तिनं पदर पार नाकापर्यंत ओढला.

स्वामी रागावले नाहीत. "तिथं कोण कोणाचं नसतं, अप्पा. मांजरा नदीत मिळालेलं पाणी कोणत्या ओढ्याचं, हे विचारतं का कोणी?"

"मी विचारीन," मी म्हणालो. "माझ्या ओढ्याचं असंल तर विचारीन."

लोक पुन्हा हसले. कोणीतरी माझं धोतर ओढून मला खाली बसवलं.

घरी येताना ती पुढं चालत होती, मी मागं. मी मनात म्हणत होतो, चुकलं काय माझं? सरळ सवाल केला. तिथं गेल्यावर मला राग येणार नसंल, हेवा वाटणार नसंल, ती त्याच्याशेजारी बसली तरी मी आनंदातच राहणार असीन, तर तो बसलेला माणूस मी कसला? तो दुसराच कोणीतरी. त्या परक्याच्या सुखासाठी मी इथं उपास कशाला धरू?

सांजेला ती भाकरी थापायला बसली. आमची दोन्ही लेकरं दारातल्या ओट्यावर खेळत होती. मी चुलीपाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, स्वामींनी उत्तर दिलं नाही, तू दे.

तव्यावर भाकरी टाकून तिनं विचारलं, "तिथं चूल हाय का?"

"न्हाई."

"पाणी आणावं लागतं का?"

"तहानच न्हाई म्हणतात."

"मग नवरा कशाला लागतो तिथं?"

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं. भाकरी उलटून ती म्हणाली, "सगळ्या गावाम्होरं मला दोन ठिकाणी बसवलं तुमी. अन् तुमची पहिली? ती तिथं कधीची जाऊन बसलीय. तिला कुठं बसवता?"

खरं सांगतो, तिचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"तिचं तोंड आठवतं का तुमाला?" हिनं विचारलं.

मी आठवायला बसलो. तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग आठवला. चालताना ती डावा पाय जरा ओढायची, ते आठवलं. तोंड काही केल्या येईना. जिथं तोंड असावं तिथं धूर होता.

भाकरी विस्तवाला उभी करत ही म्हणाली, "मलाबी त्याचं आठवत न्हाई. सासू-सासऱ्याम्होरं वर बघायची सोय नव्हती. जोडे वाजवत यायचा, तेवढं आठवतं. फोटूबी कधी काढला न्हाई कोणी. तुमी त्याच्यावर जळता तवा मला वाटतं, ह्यांनाच तो नीट ठावा हाय. लोक आज हळहळले, तवा मी खाली मान घालून त्याचं तोंडच धुंडत होते."

मी खूश व्हायला पाहिजे होतं. ज्याच्याशी मी इतकी वर्षं भांडत होतो त्याला तोंडच उरलं नव्हतं. पण मी चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं करत राहिलो. तो तर गावासाठी मेला, तरुणपणी मेला, आणि त्याचं हे असं झालं. मी तर कोणासाठी मरणार नव्हतो.

"अन् माझं?" मी विचारलं.

"तुमचं रोज समोर हाय," ती म्हणाली. "दिसंनासं झालं की मग कळंल."

तिनं ताटात भाकरी वाढली. मी जेवलो, पण चव लागली नाही. जिथं काही आठवतच नाही तिथला आनंद स्वामींना लखलाभ, मला नको, असं ठरवूनच मी आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी औत जुंपलं नाही. दाढी केली, कोरं धोतर नेसलो आणि तिला लग्नातलं लुगडं नेसायला लावलं. कोणत्या लग्नातलं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, माझ्या. लेकरं शेजारणीकडं ठेवली आणि पहिल्या एसटीनं आम्ही लातूर गाठलं. फोटोवाल्यानं दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं, मधे प्लास्टिकच्या फुलांचं टेबल ठेवलं. मी ते टेबल उचलून बाजूला केलं आणि माझी खुर्ची तिच्या खुर्चीला टेकवली. तो म्हणाला, काका, पायापर्यंत घेऊ का? मी म्हणालो, पाय राहू द्या, तोंड मोठं येऊ द्या.