पाचवी गुंज

रिटायर झालो तेव्हा पोरानं विचारलं, "बाबा, काय पायजे तुमाले?" मी म्हटलं, कॅमेरा. बायको फिस्कन हसली. "आता या वयात कोणाले बघून राहिले हो तुमी?"

मला शेंगा बघायच्या होत्या. रुईचं फाटलेलं बोंड, शिरीषाची वाळकी शेंग, बाभळीची साल, सगळं अगदी नाक लावून, आणि काळ्या-पांढऱ्यातच. रंगीतचं बटण मी कधी दाबलंच नाही. रोलिंग मिलमध्ये उभा जन्म लालभडक लोखंडासमोर काढला, लाल रंगाचा वीट आला होता. शेजारचे म्हणत, पळस तरी रंगीत काढा भाऊ. मी म्हणायचो, तुम्हीच काढा. तिरसट म्हणा, हट्टी म्हणा, आहे मी तसा.

मरोद्याच्या, या हिंदी मुलखातल्या आमच्या क्वार्टरमागे तारेच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. थंडी सरताना त्याच्या शेंगा वाळून उकलतात आणि आत लाल बिया दिसतात, एका टोकाला काळा ठिपका असलेल्या. बी विषारी असते हे मला लहानपणापासून ठाऊक. पण पाला गोड. आमच्या भंडाऱ्याकडे तो विड्यात घालतात, घसा धरला की चघळायला देतात.

त्या सकाळी नात खोकत होती. चार वर्षांची आहे. मी फोटोसाठी शेंग तोडली आणि त्याच वेलाची चार पानं तिच्या हातावर ठेवली. "चाव. गोड लागते." तिनं चावली आणि डोळे मोठे केले. "आबा, मीठा है!" मला काय कौतुक वाटलं तेव्हा!

मग शेंग स्टीलच्या ताटलीत घालून खिडकीपाशी ठेवली, फोटो काढला. तेवढ्यात सिलेंडरवाला आला. टाकी आत घेतली, जुनी बाहेर दिली, दोन मिनिटं गेली असतील. परत आलो तर नात खुर्चीवर चढून ताटलीपाशी उभी. तोंड मिटलेलं. शेंगेत चार गुंजा.

"तोंड उघड!" मी ओरडलो. तिथंच चुकलो. तोंडात काही नव्हतं, पण माझा अवतार बघून तिनं जे भोकाड पसरलं, त्यानंतर काही विचारायची सोयच राहिली नाही. खाल्लं का, म्हटलं की मान हलवायची, नाही खाल्लं का, म्हटलं तरी मान हलवायची.

सून स्वयंपाकघरातून पळत आली. पोरगा जामुलला ड्युटीवर, बायको बाजारात. आम्ही दोघांनी टेबल सरकवलं, फरशी झाडली, पोरीचे खिसे उलटे केले. काही नाही.

"बाबा, बिया होत्या किती?"

मी कॅमेरा उघडला. फोटोत बियांसाठी पाच खाचा स्पष्ट दिसत होत्या. पण पाचही काळ्या! काळ्या-पांढऱ्यात लाल कुठला? गुंजही काळी आणि रिकामी खाचही काळीच.

"हे पाचवं भरलेलं हाय का रिकामं?" सुनेचा आवाज चिरकला. "रंगीत कावून नाही काढलं, बाबा?"

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली. एखाद्या शेंगेत एक खाच रिकामी निघते, हे खरं आहे. रिकामीच होती, एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. खोटं का बोलू, ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी फोटो मोठा करत गेलो. गुंज गुळगुळीत असते, तिच्यावर खिडकीचा उजेड पडला की पांढरा ठिपका दिसतो. पहिलीवर ठिपका. दुसरीवर. तिसरीवर, चौथीवर. पाचवीवर काही दिसेना. मग अगदी कडेला, मोहरीच्या दाण्याएवढा.

"भरलेली होती," मी म्हटलं. "एक कमी आहे. चल."

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं पहिलंच विचारलं, "चबाया या निगला?" अख्खी गिळली असेल तर वरचं कवच कडक असतं, बी तशीच बाहेर पडेल, म्हणाला. चावली असेल तर... पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं.

सून म्हणाली, "चावली नसंल. ती असं काई तोंडातच नाही घालत कदी."

आता आलं माझ्यावर. पाल्याचं मी घरी बोललो नव्हतो. घाईत राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत होतो. घाईबिई काही नाही, मी भ्यालो होतो.

"सकाळी मीच तिला त्या वेलाचा पाला दिला," मी म्हणालो. "चाव म्हटलं. गोड लागते म्हटलं."

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पोरीला भरती केलं. कोळशाचं काळं पाणी पाजलं, सलाईन लावलं. उलटी, जुलाब, रक्त, कशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं. दोन दिवस काही सांगता येणार नाही, म्हणाले. पोरगा ड्युटीवरून थेट तिथं आला. बायको डबा घेऊन आली आणि कॉरिडॉरमध्येच माझ्यावर तुटून पडली. "अक्कल गहाण ठेवली का हो तुमी? पाला देल्ला तं देल्ला, बी कावून घरात आणली?" मी ऐकून घेतलं. डबा कोणी उघडला नाही. पोरगी जरा कण्हली की चौघंही उठून उभे राहायचो.

प्रत्येक वेळी पॉट बायकोच तपासायची. नर्सलाही हात लावू देत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाथरूममधून बाहेर आली, ओली मूठ घट्ट आवळलेली. माझ्यासमोर उघडली. धुतलेली गुंज, अख्खी, एक चरा नाही.

"घ्या," ती म्हणाली. "काढा आता फोटो. रंगीत काढा!" आणि मटकन खाली बसून रडायला लागली. सून हसत होती की रडत होती, कळेना. मी खरंच मोबाइल काढला. हात इतका हलत होता की फोटोत नुसता लाल डाग आला आहे. तो मी पुसलेला नाही.

घरी येताच बायकोनं वेल मुळासकट उपटला. मी पोतं धरून उभा राहिलो. शेंगांचे फोटो अजून काढतो, पण बाहेरच, घरात एक काडी आणत नाही. पोरीला माझ्याजवळ सोडून जाताना सून बरेच महिने दारात थांबायची.

परवा मी नातीला बिस्किट दिलं. तिनं ते हातात धरलं, खाल्लं नाही. माझ्याकडे वर पाहून विचारलं, "आबा, चबाऊँ क्या?"

सून दारातच होती. "चाव," ती म्हणाली, "आबानं देल्लं हाय नं." आणि आत निघून गेली.