अध्यक्षांचं कपाट आणि माझं वेबपेज

आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे फॉर्म पूर्वी अध्यक्षकाकांच्या घाटकोपरच्या घरी मिळायचे. तेही रविवारी, आणि काकांची दुपारची झोप झाल्यावर. आजारपणाची मदत असो की गणपतीच्या बसचं बुकिंग, त्यांच्या लोखंडी कपाटाची चावी फिरल्याशिवाय काही हलत नसे. बोरिवलीचा माणूस मेट्रो बदलून यायचा, काकींच्या हातचा चहा प्यायचा, काकांचं भाषण ऐकायचा आणि एक कागद घेऊन परत जायचा. आजोबा गिरणीत होते तेव्हा अख्खं गाव एका चाळीत राहायचं, म्हणून हे खपून गेलं. आता कोणी मुलुंडला, कोणी गोवंडीला. रविवारी ड्यूटी असलेल्या नर्सने काय करायचं? हे मी सभेत विचारलं, जरा वरच्या पट्टीतच विचारलं, आणि वेबपेजचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवातीला पेजवर मोजकेच फॉर्म होते. मग कमिटीतल्या प्रत्येकाला चेव चढला. शिष्यवृत्ती, वधूवर नोंदणी, गावच्या हॉलचं बुकिंग, भजनाचं सामान. फाइलींची नावं तर बघत राहावीत अशी: ‘नवीन फॉर्म’, ‘नवीन फॉर्म सुधारित’, ‘नवीन फॉर्म हाच घ्यावा’. येईल तो फॉर्म मी खाली जोडत गेले आणि पेज मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं. शेवटी निम्म्या गावाने गेल्या वर्षीच्या बसचा फॉर्म भरून पाठवला. पुरती वाट लागली.

काकांना आयतंच कोलीत मिळालं. म्हणाले, “तुझ्या पेजार काय एक गावणा नाय. सभेपर्यंत बघतंय, नायतर बंद कर. कपाट आसाच.”

माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई नेहमी म्हणतात, पण त्या दिवशी मी सरळ लॅपटॉप उघडून कामाला बसले. काकांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पेज बंद पडलं असतं तर पुन्हा तीच चावी आणि तेच भाषण.

आधी मी सगळे फॉर्म अक्षरांच्या क्रमाने लावले. झकास झालं, असं वाटलं. पेज उघडून बघते तर सगळी गर्दी ‘अ’खाली! आमच्याकडे प्रत्येक कागदावरचं नाव ‘अर्ज’ने सुरू होतं. कपाळावर हात मारला आणि सगळं मोडलं.

वाट सापडली ती फोनमुळे. गोवंडीहून एका बाईंचा फोन आला. “ताई, बाबा गेले. आता मंडळात काय करायचं असतं?” त्यांना हवा होता ‘अर्ज: वारस नोंद’. पण बाप गेलेल्या बाईला ‘वारस नोंद’ हा शब्द कुठून सुचणार? त्यानंतर मी फोनवर कान देऊन ऐकायला लागले. फॉर्मचं नाव कोणीच घेत नव्हतं. प्रत्येक जण आपली अडचण सांगत होता.

मग मी त्या अडचणींचीच शीर्षकं केली. ‘गणपतीला गावी जायचंय.’ ‘घरात आजारपण आहे.’ ‘मुलांची फी भरायचीय.’ ‘घरातलं माणूस गेलं.’ ‘लग्न जमवायचंय.’ ‘सभासद व्हायचंय.’ प्रत्येकाखाली चालू वर्षाचा फॉर्म आणि तो कुठे पाठवायचा ते. जुने फॉर्म काढून टाकले. कमिटीतल्या एकाने विचारलं, “हे काय, फॉर्मला रीतसर नाव नको?” मी म्हटलं, “नाव आत आहे. आधी माणूस आत तर येऊ दे.”

सभा मुलुंडच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. काका फॉर्मांनी फुगलेली चेनची पिशवी घेऊनच आले होते. म्हणाले, “माझ्या बायलेक मोबाईल दी. तिका बसचो फॉर्म गावलो तर मी मानतलंय.” लोक हसले. काकी मागे चहाचे कप लावत होत्या. त्या पदराला हात पुसत पुढे आल्या, चष्मा लावला आणि एकेक शीर्षक मोठ्याने वाचायला लागल्या. ‘गणपतीला गावी जायचंय’वर बोट ठेवलं. बसचा फॉर्म उघडला, याच वर्षीचा! हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मला शिट्टी मारावीशी वाटत होती.

पण काकी मोबाईल परत देईनात. त्यांनी बोट खाली नेलं आणि अगदी शेवटच्या शीर्षकावर ठेवलं.

“हो माका व्हयो,” त्या म्हणाल्या. “मी सभासद होतलंय.”

इतकी वर्षं ते कपाट त्यांच्याच घरात होतं, येणाऱ्या प्रत्येकाला चहा त्यांनीच दिला, आणि घरात सभासद एकटे काका. काकांनी घाईघाईने पिशवीची चेन उघडली.

“तुमचो नको. हिच्या पेजावरचोच व्हयो.”

समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी अक्षरशः धावत गेले. काकींनी फॉर्म भरला, सूचक म्हणून माझी सही घेतली आणि मंजुरीच्या सहीसाठी कागद अध्यक्षांपुढे धरला. काकांनी उभ्याउभ्या सही केली. काकींनी ती चष्म्यातून नीट तपासली.

“आता तां कपाट रिकामा करा,” त्या म्हणाल्या. “माझी लुगडी ट्रंकेत आसत.”