लाल तारेवरची टेप

आमच्या घरातला चोरांचा अलार्म नेमका घर सोडून जायच्या वेळीच बिघडला. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

लेक नांदेडला, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आमच्याकडचा रिवाज. पण डॉक्टरांनी तिला प्रवासच बंद केला, म्हणून आम्ही दोघांनी लातूरहून तिच्याकडं जायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. लेकीनं जातीबाहेर, आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून आमचे हे तिच्या दारात गेलेले नव्हते. जावई बौद्ध घरातला, सरकारी नोकरीत, बोलायला मऊ. त्याच्यात खोट काढायला ह्यांना काही सापडलं नाही, म्हणून तर जास्तच अडचण झाली. फोनवर लेक विचारायची, "बाबा कसे आहेत?" हे शेजारीच पेपर उघडून बसलेले असत, पण पान काही उलटत नसे.

अशात हॉलमधल्या कीपॅडवर पिवळा दिवा लागला आणि ते यंत्र टुक टुक करू लागलं.

"बॅटरी गेली," हे म्हणाले. "आता लाईट गेली की अलार्म बी गेला. असं घर उघड्यावर टाकून न्हाई जाता येत. तू जाय, मी थांबतो."

त्या आवाजात काळजी कमी आणि सुटल्याचं समाधान जास्त आहे, असं मला वाटलं.

"मग मेकॅनिकला बोलवा."

"परका माणूस घरात घेऊन त्याला दाखवू, कुठं काय हाय ते? आन वर सांगू, आम्ही गावाला चाललो म्हणून?"

ह्यांची हयात बाजार समितीच्या वजनकाट्याजवळ गेली. पोत्यात हात घातल्याशिवाय माल चांगला म्हणायचा नाही, ही सवय घरातही आली. दूधवाला, गॅसवाला, मीटर वाचायला येणारा, सगळ्यांवर ह्यांचा डोळा. मागच्या गल्लीतलं एक कुटुंब औशाला लग्नाला गेलं आणि त्यांचं घर फुटलं, त्यानंतर हा अलार्म आला. तरी बॅटरीचं दुकान चार पावलांवर असताना हा माणूस नुसता दिव्याकडं बघत बसतो, हे काही माझ्या पचनी पडेना. इतक्या वर्षांच्या सहवासानं थोडा संशय मलाही लागलेला होताच.

शेवटी मीच कंबर कसली. अलार्म बसवणाऱ्या दुकानात फोन करून सगळं नीट विचारून घेतलं. आधी कीपॅडवरून ह्यांच्या वहीत लिहिलेला दुरुस्तीचा कोड टाकायचा, नाहीतर पेटीचं झाकण उघडताच भोंगा वाजतो. मग विजेचा प्लग काढायचा. बॅटरीची काळी तार आधी सोडायची, मग लाल. आणि दोन्हींची टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत. हातातल्या बांगड्या काढून ठेवा, असंही त्यांनी सांगितलं. भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवून मी जिन्याखालची पत्र्याची पेटी उघडली.

आत बॅटरी फुगून बसली होती. वरची पट्टी पेचकसानं उचकटलेली, टोपणं निघालेली, कडेला पांढरी भुकटी. मी ह्यांच्याकडं पाहिलं.

"पाणी घातलं होतं मी," हे म्हणाले. "इन्व्हर्टरला घालतो ना, तसंच. म्हणलं ही बी तहानली असंल."

आमच्याकडं लाईटचा असा खेळ, की घरोघरी इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरशेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. पण ही बॅटरी बंद जातीची. तिच्यात थेंबही घालायचा नसतो, तसं तिच्यावर लिहिलेलंही होतं. मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. बिचारा माणूस दुरुस्त करायला गेला होता आणि मी उगाच त्याच्यावर संशय घेत होते.

भुकटी खायचा सोडा लावलेल्या ओल्या फडक्यानं पुसली. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता दुकानात जमा केली आणि तेवढ्याच व्होल्टची, तेवढ्याच अँपिअरची नवी आणली. लाल तार लालला, मग काळी काळ्याला, मग प्लग. दिवसभर चार्ज होऊ दिली आणि संध्याकाळी प्लग काढून पाहिलं. कीपॅड विजेशिवायही जिवंत राहिला. मी लेकीला फोन लावला, "परवा येतो." ती म्हणाली, "येतो म्हणजे? बाबा पण?" मी हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पिवळा दिवा परत लागला.

"बघ," हे म्हणाले. "जुना माल खपवला दुकानदारानं. मी सांगत होतो ना?"

आधी माझाही संशय दुकानदारावरच गेला. दोन शिव्याही मी मनातल्या मनात हासडल्या. पण हे चहाला बाहेर पडले तसा कोड टाकून मी झाकण उघडलं. लाल तार बॅटरीवरून निघून बाजूला पडली होती. निसटली म्हणावं तर तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, चुकून कुठं लागून ठिणगी पडू नये म्हणून. आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं, म्हणजे काढताना नखानं खरवडायला नको. अशी टेप लावणारा माणूस या घरात एकच आहे. चोर असता तर तार तोडून मोकळा झाला असता.

राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. बाप लेकीच्या दाराला इतका भ्यावा?

मी टेप काढली, तार जोडली, झाकण लावलं आणि ह्यांना एका शब्दानं बोलले नाही. रोजचा कोड तेवढा बदलून टाकला.

जायच्या दिवशी सकाळी हे खुर्चीत बसून म्हणाले, "तू जाय. मी घर राखतो."

"खुशाल राखा," मी म्हणाले. पिशव्या दाराबाहेर ठेवल्या, आत येऊन कीपॅडवर नवा कोड दाबला. बाहेर पडायला देतात त्या वेळेची टुकटुक सुरू झाली. "अलार्म लावलाय. आत थांबायचं तर खुर्चीतून हलायचं नाही. हललात की सेन्सर टिपंल, भोंगा वाजंल आन गल्ली गोळा होईल."

हे कीपॅडकडं धावले. जुना कोड दाबला. पुन्हा दाबला.

"कोड बदललास?"

"परक्या माणसाचा काय भरवसा? लाल तार कुणी काढली, ते अजून सापडलं न्हाई मला."

टुकटुक जलद झाली. मग त्यांनी खुंटीवरची पिशवी ओढली, चपला हातात घेतल्या आणि माझ्याआधी दाराबाहेर पडले. मी कुलूप लावलं.

बसमध्ये मला पहिल्यांदा दिसलं की घर राखायला बसलेल्या या माणसानं इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. नांदेडच्या अलीकडचं लोहा गाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

जावई कामावर गेलेला. लेकीनंच दार उघडलं, एक हात कमरेवर. बापाला बघून ती दारातून बाजूला झाली. हे उंबऱ्याबाहेर उभे. पाय पुढं नाही, मागंही नाही. मला वाटलं, इथूनच परत फिरतात आता.

मग त्यांनी दाराची कडी धरून हलवली.

"कुणी बसवली ही? निम्मे स्क्रू बी न्हाईत. कुणीबी ढकललं तर उघडंल. दिवसभर एकलीच असतीस ना तू घरात?"

लेक हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "बाबा, आधी आत तर या."

"पेचकस कुठं ठेवता तुम्ही?" असं म्हणत, पेचकस शोधायला म्हणून ते आत गेले.