चष्मेवाल्यांची मान आणि साडूचा आरसा

चष्मेवाल्यांची मान धरली ती साडूमुळे, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं. साडूने त्यांच्या मानेला कधी बोटही लावलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

चष्मेवाल्यांनी साठी ओलांडली होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. पुढे काचेची कपाटं आणि अक्षरांचा तक्ता, मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र. सहा दिवस मान खाली घालून त्या यंत्रापाशी बसायचं आणि रविवारी पहाटे सायकल काढायची, हा त्यांचा शिरस्ता. पिकल्या केसांच्या सायकलवाल्यांचा एक गट होता. त्या गटात सगळ्यात पुढे कोण, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. पुढे चष्मेवाले.

पुढे राहणं म्हणजे नुसतं जोरात जाणं नव्हे. या गटाचा एकच नियम होता: पुढच्याने दर वळणावर मागे बघायचं, सगळी डोकी आहेत ना ते पाहायचं आणि मग हात वर करायचा. हात वर झाला की मागचे निर्धास्त. वरवर सोपं वाटतं, पण चालत्या सायकलीवरून मागे बघताना शंभरातल्या नव्वदांची सायकल लचकते. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की हँडल वळतं. चष्मेवाल्यांची मात्र हनुवटी पार खांद्याला टेकायची आणि चाक रेघेवरून हलायचं नाही. "घुबडाची मान आहे तुमची," असं गटातल्या पोस्टातल्या बाई म्हणायच्या. घुबड म्हटल्यावर एवढा खूष होणारा दुसरा माणूस सापडायचा नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना साडू आला.

हा त्यांच्या मेहुणीचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तो वाकड्या हँडलची कोरी सायकल घेऊन हजर झाला. हँडलच्या टोकाला वाटीएवढा गोल आरसा. घंटी दोनदा वाजवून मोठ्याने म्हणाला, "चला, पुढे सरका! दारात उभं राहू नका!" सगळे पोट धरून हसले. चष्मेवालेही हसले, पण त्यांचं हसू गालाच्या पुढे गेलं नाही.

"आरसा कशाला लावलाय, साडूभाऊ?" त्यांनी विचारलं. "भांग पाडायला?"

"सवय हो," साडू म्हणाला. "आरशाशिवाय मला हातात चाक धरवत नाही."

पुढच्या रविवारी आणखी दोघांनी आरसे लावले. चष्मेवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात घरी बायकोची टकळी सुरू झाली. "भाऊजी सायकलवर बसतात कसे बघा. मान कशी ताठ! राजासारखी. नाहीतर तुम्ही. दिवसेंदिवस वाकत चाललाय."

"राजा म्हणे," चष्मेवाले पुटपुटले. "बसचा राजा."

त्याच दुपारी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, अ‍ॅलन की, म्हणजे सायकलचा षटकोनी पाना घेतला आणि सायकलचं हँडल खाली केलं. हँडलच्या नळीखाली चार चकत्या असतात. त्या काढून नळीच्या वर टाकल्या की हँडल तेवढं खाली बसतं. हँडल खाली म्हणजे पाठ आडवी, वाऱ्याला अडथळा कमी, वेग जास्त. साडूने जन्मात मागे टाकू नये एवढा वेग. गणित बिनचूक होतं. पण पाठ आडवी झाली तरी डोळ्यांना रस्ता समोरच बघायचा असतो आणि ते काम मग मानेच्या गळ्यात पडतं, एवढी एक ओळ त्या गणितात मांडायची राहून गेली.

पहिल्या रविवारी मान नुसती कुरकुरली. मग खांद्यांच्या मध्ये कुणीतरी खुंटी ठोकल्यासारखं वाटू लागलं. मग एका सकाळी मान धरली ती धरलीच. दुकानात कुणी डावीकडून हाक मारली की चष्मेवाले अख्खे वळायचे, गोदामाचं दार फिरावं तसे. बायकोने मलम चोळलं. उशी बदलली, मग उशी काढली, मग जुनी उशी परत आणली.

"रविवारी जाऊ नका," ती म्हणाली. "भाऊजी नेतील ना सगळ्यांना."

हे वाक्य ती बोलली नसती, तर ते कदाचित घरी राहिलेही असते.

ते गेले. पुढेच राहिले. वळण आलं की मान वळत नव्हती, म्हणून त्यांनी डोळे वळवले. चष्म्याच्या काडीपलीकडे जे धुरकट दिसलं त्याला गट समजून त्यांनी हात वर केला. पुढच्या वळणावरही तेच. तिसऱ्या वळणावर मागून शिट्टी आली.

"ओ चष्मेवाले!" साडू ओरडत होता. "पोस्टातल्या बाई नाहीत! आरशात कधीपासून दिसत नाहीयेत!"

सगळे मागे फिरले. पार मागच्या चढावर, रस्त्याकडेच्या दगडावर बाई बसल्या होत्या. सायकलची साखळी निसटून अडकली होती आणि दोन्ही हात वंगणाने काळे झाले होते. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी हाका मारत होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही हात वर केलात. मला वाटलं, पाहिलंत, आता थांबाल."

 साखळी साडूने बसवली. निघताना बाई साडूकडे बघत म्हणाल्या, "आज परत जाताना भाऊंना राहू दे पुढे."

आज म्हटलं होतं, पण पुढचे सगळे रविवार त्यात आले. काही आठवड्यांवर, बुधवारच्या सुट्टीला धरणापर्यंतची फेरी होती, वर्षातली सगळ्यात मोठी. तिथे पुढे कोण, हे आता न बोलता ठरल्यासारखं झालं. चष्मेवाले शेपटाला लागले. तिथून त्यांना इतक्या पाठींच्या पलीकडे साडूची ती ताठ मान दिसायची.

शेवटी ते फिजिओकडे गेले. त्यांच्या मुलीच्या वयाची पोरगी होती. तिने मान तपासली, हातात मुंग्या येतात का विचारलं आणि म्हणाली, "काका, उद्या सायकल घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून तिने त्यांना वर बसवलं. लांबून पाहिलं, बाजूने पाहिलं.

"हँडल एवढं खाली कुणी केलं?"

"असंच होतं ते."

"आणि चारही चकत्या वर कशा?" तिने नळीवर टिचकी मारली. "माझा भाऊपण रेसवाला आहे, काका."

चष्मेवाले हँडलवरची नसलेली धूळ पुसू लागले.

"बरं, आत्ता समोर बघताय ते कशातून बघताय?"

त्यांनी लक्ष दिलं आणि घाम फुटला. पाठ वाकल्यावर दोन नंबरांचा चष्मा नाकावरून घसरला होता. खालून वाचायचा नंबर मध्ये येत होता, वरून फ्रेमची कड. त्या दोन्हींच्या फटीतून रस्ता दिसावा म्हणून ते हनुवटी आणखी वर ताणत होते. अख्खी हयात लोकांच्या नाकावर चष्मे नीट बसवण्यात गेलेला माणूस! आपल्या नाकाकडे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंच नव्हतं.

तिने करायचं ते सांगितलं. चकत्या परत खाली. कोपर जरा वाकलेले, मूठ सैल, हँडल म्हणजे चोराचा हात नव्हे. दर थोड्या वेळाने हातांची जागा बदलायची. घरी मानेवर गरम टॉवेल, मग खांदे कानांपर्यंत उचलून हळूच सोडून द्यायचे. आणि हनुवटी सरळ मागे न्यायची, खाली-वर नाही, ड्रॉवर बंद करतो तशी. जिथे ताण कळतो तिथे थांबायचं, दुखेपर्यंत नाही. चक्कर आली किंवा हात बधिर झाला तर बंद करून तिच्याकडे यायचं. "आणि कुणाकडून मान मोडून घ्यायची नाही. कडकन आवाज काढणारे भेटतात फार."

"एक विचारू?" चष्मेवाले उठता उठता म्हणाले. "माझ्याहून वयाने मोठे एक नातेवाईक आहेत. तेही सायकल चालवतात. त्यांना काहीच होत नाही. असं कसं?"

"दुसऱ्याची मान तुमच्या खांद्यावर बसवता येत नाही, काका," ती हसून म्हणाली.

चष्मेवाल्यांनी स्वतःसाठी एक चष्मा बनवला. फक्त लांबचा नंबर, काच उंच, नाकावर घट्ट. गिऱ्हाईक नसलं की ते काउंटरमागे हनुवटीचा ड्रॉवर उघडबंद करायचे. मान हळूहळू सुटायला लागली.

फिजिओकडच्या पुढच्या खेपेला ते जरा लवकर पोहोचले. पडद्यापलीकडे कुणीतरी होतं.

"भाऊ, आता डावीकडे. जमेल तेवढंच," फिजिओ म्हणत होती.

"अहो बाई, एवढंच जमतं. बस फुल झाली. दारात उभं राहू नका!"

चष्मेवाल्यांनी कान टवकारले. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने पडदा सरकला. खुर्चीत साडू बसला होता, गळ्याभोवती गरम टॉवेल. त्याने चष्मेवाल्यांना पाहिलं ते मान वळवून नाही. कमरेपासून अख्खा वळला. गोदामाचं दार.



"झालं," साडू म्हणाला. "आता लावा गावभर बोर्ड."

"साडूभाऊ, तुमची मान..."

"मान कसली, खांब आहे नुसता. जन्म गेला स्टिअरिंगवर. दोन्हीकडे एवढीशी वळते, बस. म्हणून तर तो आरसा."

"आणि मी म्हटलं भांग पाडायला."

"म्हणालात खरं. मी आठवडाभर जेवताना आठवत होतो." साडूने टॉवेल सारखा केला. "खरं सांगू? तुम्ही चालत्या सायकलीवर हनुवटी खांद्याला टेकवायचात ना, ते बघून माझा जळफळाट व्हायचा. घरी येऊन हिला सांगायचो, हा माणूस मुद्दाम मला दाखवायला करतो."

"ताईंना मानेचं माहीत आहे तर."

"तिला आहे. तुमच्या मंडळींना नाही. त्यांना सांगू नका हो. त्या मला राजा म्हणतात."

चष्मेवाल्यांच्या छातीत एकदम दिवे लागले. राजासारखी ताठ मान! ती वळतच नव्हती! त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं. तेवढ्यात फिजिओ म्हणाली, "काका, शिका यांच्याकडून. व्यायाम एकदाही चुकवत नाहीत." आणि अर्धे दिवे विझले.

धरणाच्या फेरीआधीच्या रविवारी सगळे चहाला थांबले. पोस्टातल्या बाईंनी विषय काढला. "बुधवारी पुढे कोण? चष्मेवाले, तुमची मान आता बरी दिसते. तुमचं काय म्हणणं?"

वाक्य जिभेवर तयार होतं. भाऊंना मान वळवता येत नाही. आरशात मागचं दिसतं, पण चौकात आडवं येणारं वाहन दिसत नाही. शब्दन्‌शब्द खरा होता. एक वाक्य, आणि जागा परत. साडू कपात बघत होता, तळाशी काही पडलंय असं.

पण चष्मेवाल्यांनी पुढचं चित्रही पाहिलं. हे कळलं की गट हळहळणार. बाई साडूला फिजिओचे पत्ते देणार. आणि घरी बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन निघणार. "बिचारे भाऊजी! एवढं दुखत असून कधी बोलले नाहीत." मिरवणारा साडू परवडला, बिचारा साडू मुळीच परवडायचा नाही. शिवाय दगडावर बसलेल्या बाईंचे काळे हात त्यांच्या डोळ्यांपुढून अजून हलले नव्हते. त्या दिवशी बाई दिसत नाहीत हे आरशाला कळलं होतं, त्यांना नाही.

"भाऊच राहू देत पुढे," ते म्हणाले.  "मी त्यांच्या लगेच मागे राहीन."

साडूने कपातून डोळे वर केले.  चहाचे पैसे हट्टाने त्यानेच दिले, आणि तेही चष्मेवाल्यांना आवडलं नाही.

बुधवारी निघाले. पहिला चौक आला तसा साडूने वेग कमी केला आणि ओठ न हलवल्यासारखं विचारलं, "मोकळं आहे का?"

चष्मेवाल्यांनी मान डावीकडे वळवली. खांद्यात जुनी खुंटी किंचित टोचली, पण मान गेली. मग उजवीकडे.

"मोकळं."

साडूने हात वर केला. सगळा गट त्या हातामागून चौक ओलांडून गेला. असं प्रत्येक चौकाला झालं. मागच्यांना पत्ता नव्हता.

धरणावर पोहोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साडूसाठी. बायकोचा फोन आला. "भाऊजींनी नेलं म्हणे सगळ्यांना? बाई गं! या वयात!" चष्मेवाल्यांनी "हो" म्हणून फोन ठेवला आणि हनुवटी दोन-तीनदा मागे ओढली.

परतताना शेवटचा चौक आला. साडू थांबला, एक पाय टेकवला. मागे सगळे थांबले.

"मोकळं आहे का?"

नव्या चष्म्यातून दोन्हीकडचा रस्ता लांबवर लख्ख दिसत होता. कुत्रंसुद्धा नव्हतं. चष्मेवाले बोलले नाहीत.

"अहो, मोकळं आहे का?" साडूचा आवाज जरा चढला.

"थांबा," चष्मेवाले म्हणाले. "बघतोय ना."

आणि त्यांनी मान वळवली. सावकाश, हनुवटी पार डाव्या खांद्याला टेकेपर्यंत. मग तितक्याच सावकाश उजवीकडे. साडूचा आरसा अगदी समोर होता. त्यातून साडूला हे सगळं नीट दिसेल, अशा बेताने.