दोन ठोके

एस्तेरआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत, कॉलेजच्या पायऱ्यांवर बसले होते. "आत्या गेली वं," आई इतकंच म्हणाली. पण तिच्या आवाजामागे मला लाकडावर बोटाचं पेर वाजल्यासारखा आवाज आला. एक ठोका, थोडं थांबून दुसरा. तसं फक्त आत्याच करायची. म्हणून मी विचारलं, "मग टेबल कोण वाजवून राहिलं?" आईने फोन ठेवला...

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जरीपटक्यात आमच्या घराला लागूनच तिची एक खोली होती. शुक्रवारी दुपारी तिथे चर्चमधल्या बायकांची प्रार्थना भरायची. कुणी शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एखादं वचन उचलून आपल्या संसाराला लावलं, की आत्या टेबलावर दोनदा पेर वाजवायची. पहिला ठोका म्हणजे वरचं वाच, दुसरा म्हणजे खालचं वाच. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, कशावरून, ते आधी बघायचं आणि मगच वचन घरी न्यायचं. टेबलाच्या त्या जागेवरचं पॉलिश केव्हाच उडून गेलं होतं.

आईची रीत वेगळी होती. काही ठरवायचं असलं की ती डोळे मिटून शास्त्र उघडायची आणि बोट ठेवायची. बोट जिथे पडेल तो देवाचा निकाल. मला कॉलेजात घालायचं का, हेही तिने तसंच विचारलं होतं, कारण आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बोट पडलं वंशावळीवर. अमक्याचा मुलगा तमका, नुसती नावंच नावं. आई गोंधळली आणि आत्या हसून हसून बेजार झाली. "बजारात टमाटर दाबून दाबून घेते, अन् देवाचं वचन डोये मिटून उचलते? काहून वं वहिनी?"

नव्या वर्षाच्या सकाळी आमच्याकडे चर्चमध्ये ताट फिरतं आणि प्रत्येकजण त्यातलं एक वचनाचं कार्ड उचलतो. ते त्याचं वर्षभराचं वचन. यंदा आत्याला दीर्घायुष्याचं आलं. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. तिने मात्र चष्मा कपाळावर सरकवून कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "हे कोनाले म्हटलं होतं, ते घरी जाऊन पाहा लागते."

त्याच दिवसांत आईने तिला काखेतली गाठ दाखवली. आत्या म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं." तो सोमवार उजाडायच्या आधीच, भर दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या आत्या गेली. आईने फोन केला तो तिथूनच, तिच्या शेजारी उभं राहून.

दफनाहून परतताना एक बाई कुजबुजली, "आयुष्याचं वचन भेटलं होतं, तरी गेली. देवाच्या शब्दावर शंका घेतली ना तिनं." आईने ते ऐकलं. त्यानंतर दवाखान्याचं नाव काढलं की ती विषय बदलायची. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. आत्याच चुकली असेल तर?

आत्याचं टेबल आमच्या घरात आलं, आणि दुपारी ते वाजू लागलं. बाबा म्हणाले, ऊन तापायला लागलं की जुनं लाकूड वाजतं. मीही तेच मानलं. फक्त एक समजत नव्हतं... नेहमी दोनदाच का?

एके दुपारी आईने त्याच टेबलावर शास्त्र उघडून, डोळे मिटून बोट ठेवलं. देव तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा, अशा अर्थाचं वचन निघालं.

"पाह्य, देव लढून राहिला माह्यासाठी," ती म्हणाली. "उगी राहा म्हनते. मी नाही येत दवाखान्यात."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबल वाजलं. टक... टक. लाइट गेली होती, पंखा बंद होता. खिडकीही लावलेली होती.

"तू वाजवलं?"

"नाही." माझे दोन्ही हात मांडीवर होते.

आईने त्या पॉलिश उडालेल्या जागेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "वाच. वरचं."

मी वाचलं. समोर समुद्र, मागे फौज, लोक भीतीने ओरडताहेत आणि त्यांचा पुढारी मोशे हे म्हणून त्यांना धीर देतोय. मग खालचं वाचलं. तिथे देवच मोशेला म्हणतो, माझ्यापाशी रडतोस कशाला, लोकांना पुढे चालायला सांग.

"म्हंजे जा म्हनते?" आईने मला नाही, टेबलाला विचारलं.

आत्या असती तर इथेही थांबली असती. मी भीतभीतच म्हटलं, "हे त्या समुद्रापाशी उभ्या लोकांना म्हटलं आहे, आई. तुले जा म्हणून मी म्हणून राहिली."

आई उठली आणि चप्पल शोधू लागली.

गाठ काढायची आहे, डॉक्टरांनी तारीख दिली आहे. पुढचं आम्हाला माहीत नाही. बाबांनी टेबलाचे पाय ठोकून घट्ट केले, तरी ते वाजतंच. काल आई एकटी वाचत बसली होती आणि मी दारात उभी होते. एक ठोका आला. आईने बोट वरच्या ओळीवर नेलं, वाचलं, आणि मान तिरकी करून वाट पाहत राहिली...

दुसरा आलाच नाही. मग तिने मूठ वळली, आत्याच्या त्या जागेवर स्वतःचं पेर एकदा वाजवलं आणि बोट खाली आणलं.