पिझ्झा खायला गेले आणि डबा घेऊन आले

चहा घ्या आधी. हे ऐकून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघणार आहात, ती मला उपाशीपोटी सोसायची नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना किण्वन म्हणजे काय, पीठ का फुगतं, हे फळ्यावर आकृती काढून समजावते. आणि घरी, मालवणात, लग्नाला पाच वर्षं होऊनही माझं आंबोळीचं पीठ एकदासुद्धा फुगलेलं नाही. एकदासुद्धा! सासूबाई रात्री पिठात नुसता हात फिरवतात आणि सकाळी ते पातेल्याबाहेर फिरायला निघालेलं असतं. माझं पीठ सकाळी जसंच्या तसं. सुतकात बसल्यासारखं.

बरं, सासूबाई टोमणा मारत नाहीत. मारला असता तर भांडता तरी आलं असतं. त्या पातेल्यात डोकावतात आणि शांतपणे म्हणतात, "ऱ्हवांदे गो, घावणे करूया." घावण्यांना आंबवावं लागत नाही ना! पाच वर्षं मी तेच घावणे गिळते आहे. हे एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर पुढे मी जे केलं त्याला तुम्ही सरळ खोटारडेपणा म्हणाल.

तर तो पिझ्झा. गोव्यात, पेडण्याच्या पलीकडे, काजूच्या बागेत एक पिझ्झावाला आहे. चौदा वर्षं जहाजावर आचारी होता, आता घरामागे लाकडाची भट्टी घालून बसलाय. मोजकंच पीठ मळतो, संपलं की बंद. इथल्या पोरापोरींच्या मोबाइलवर त्याचीच भट्टी धगधगत असते. माझ्या नवऱ्याने, नीलेशने, त्याचा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की शेवटी मीच म्हटलं, चल बाबा एकदा. मे महिना, शाळेला सुट्टी. रविवारी साडेबाराचं टेबल मीच फोन करून सांगितलं.

आता, तीन वर्षांच्या मुलाला घेऊन एवढ्या लांब जायचं म्हणजे तयारी नको? मी घेतलं काय – उकळलेलं पाणी, थर्मामीटर, तापाचं औषध, उलटीचं औषध, औषधाचीच उलटी झाली तर दुसरं औषध, कपड्यांचे चार जोड. आणि उकड्या तांदळाची पेज, अगदी मऊ घोटून, स्टीलच्या डब्यात. बाहेरचं खाऊन ईशानचं पोट बिघडलं तर?

नीलेश गाडीत सामान भरता भरता थांबला. "गो मृणाल, आपण पिझ्झो खाऊक चाललो की बाळंतपणाक?"

मी दुसरा टॉवेल आणायला गेले.

नऊला निघालो. पहिली उलटी कुडाळच्या अलीकडे, ईशानची. दुसरी झारापला, ईशानचीच. तिसरी बांद्याला. ती माझी. काळजीची.

पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. झाडांखाली टेबलं, सगळी भरलेली. भट्टीपुढे तो पिझ्झावाला रूपेश, मिशांवर पीठ. मी बसायच्या आधीच त्याला विचारलं की पाणी कुठलं, चीज कधीचं आणि धूर मुलांच्या बाजूला येतो का. तो बिचारा गोड हसला. मग मी त्याच्या बायकोकडे पेजेचा डबा दिला आणि म्हटलं, जरा फ्रिजमध्ये ठेवाल? उन्हाने आंबेल.

पुढचा तासभर त्या बागेत माझ्याशिवाय कोणाचा आवाज आला नसेल. "ईशान! भट्टी! ईशान, मांजराला हात नको! ईशान, ते उचलू नको! ईऽऽशान!"

पिझ्झा मात्र… काय सांगावं! कडा फुगलेल्या, वरून कुरकुरीत, आत जाळी, आणि एक आंबूस चव, आपल्या आंबोळीची एखादी परदेशी मावसबहीण असावी तशी. ज्याच्या पोटाच्या काळजीने मी आख्खा दवाखाना वाहून आणला होता, त्या ईशानने दीड पिझ्झा खाल्ला आणि "अजून" म्हणून भोकाड पसरलं. पेजेकडे ढुंकून बघितलं नाही.

निघताना तो माझ्या खांद्यावर झोपला. गर्दी तर एवढी की रूपेशची बायको चार टेबलांमध्ये धावत होती. तिला कशाला त्रास द्या? मी लांबूनच ओरडले, "तुम्ही राहू द्या हं, डबा माझा मीच घेते!" फ्रिज उघडला. समोरच स्टीलचा डबा. हाताला गार, वजन बरोब्बर. घेतला आणि निघाले. किती समजूतदार गिऱ्हाईक, नाही का?

वाटेत थांबत थांबत घरी यायला रात्र झाली. डबा पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला आणि आडवी झाले.

सकाळी जाग आली ती सासूबाईंच्या हाकेने.

"गो मृणाल! हय ये बघू! पीठ बघ कसा फुगला आसा!"

धावत गेले. ओट्यावरच्या डब्याचं झाकण बाजूला पडलेलं आणि आतून गव्हाळ, बुडबुड्यांचं, फसफसलेलं पीठ वर आलेलं. ईशान पाळण्यातून डोकं काढायचा ना, तसं.

"तू कधी वाटलंस गो ह्या?" सासूबाईंनी विचारलं.

आता इथे एका सरळ माणसाने काय म्हणायचं? "मी नाही वाटलं. ही कालची पेज असणार, खराब झाली, टाकून द्या." संपलं! पण सासूबाईंच्या तोंडावर जे कौतुक होतं, ते मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते. निदान पिठाच्या बाबतीत.

"काल," मी म्हटलं. "निघायच्या आधी."

"गहू पण घातलंस?"

"थोडा."

"बरा केलंस."

तुम्ही म्हणाल, बाई, तुला कळलं कसं नाही? अहो, मी विज्ञानाची शिक्षिका! मला न कळण्यासाठी भक्कम कारणं लागतात, आणि ती मी मिनिटभरात तयार केली. मे महिन्याचं तापमान. हवेतली आर्द्रता. गाडीतलं घुसळणं. पेजेतला पिठूळपणा. उकडा तांदूळ असा विरघळून गव्हाच्या रंगाचा होतो का, हा प्रश्न मनात आला होता. मी त्याला खाली बसवलं.

आंबोळ्या झाल्या. जाळी अशी की चाळण वाटावी! सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं. तेवढ्यात शेजारच्या शालूकाकी आल्या.

"मृणालचा पीठ? खरा सांगतंस?" काकींनी सासूबाईंना विचारलं.

"तर! इचार तिका."

"गो, मेथी कितकी घातलंस?"

"दीड चमचा," मी म्हटलं. कुठून आला तो अर्धा चमचा देव जाणे!

"आणि उडीद?"

"तीन वाट्यांना एक. पण काकी, खरी गंमत प्रमाणात नाही. हाताच्या उबेत आहे. आणि पीठ नेहमी एकाच दिशेने फिरवायचं."

काकींनी मान डोलावली. सासूबाई चहा गाळत होत्या, त्यांनीही गाळणं थांबवून मान डोलावली. मला इतकं बरं वाटलं की मी सूक्ष्मजीवांवरही पाच मिनिटं बोलले.

मग मुंबईहून नणंदेचा, अस्मिताचा, व्हिडिओ कॉल. "वहिनी, आई म्हणते तुमचं पीठ जबरदस्त झालंय. थांबा हं, वही आणते." तिने वही आणली! मी सावकाश, लिहून होईल अशा बेताने सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "पीठ घड्याळाच्या दिशेने फिरवायचं की उलट?"

"घड्याळाच्या," मी ठामपणे म्हटलं.

दहा वाजता फोन वाजला. अनोळखी नंबर.

"वयनी, हांव रूपेश. पिझ्झावालो. तुमचो डबो हांगाच उरला. तुमी व्हेलो तो आमचो."

म्हणजे मी उचलून आणलेला डबा त्यांचा! मी परसात, विहिरीपाशी जाऊन पोचले. कशी गेले आठवत नाही.

पुढचं तो हळूहळू मराठीत बोलला, दवाखान्यात डॉक्टर बोलतात तसं. डब्यात त्याचं आंबवण होतं, म्हणजे पीठ फुगवायचं विरजण. अकरा वर्षांचं. कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्या बेकरीवालीने जहाज सुटताना त्याला वाटीभर दिलेलं. तेव्हापासून रोज त्यातलं थोडं काढायचं, रोज त्यात थोडं पीठ-पाणी घालायचं. त्याचा सगळा पिझ्झा त्या डब्यावर उभा.

"सकाळी बायकोने डबा उघडला तर आत भात! मला वाटलं रात्रीत काहीतरी भलतंच झालं. मग डब्यावर बघितलं, 'चि. ईशान, बारसे, आत्याकडून.' वहिनी, ईशान हे नाव काल आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ झालंय."

"दुसरीकडे थोडं काढून ठेवलेलं नाही का?"

"तेच बायको अकरा वर्षं सांगत्ये." मग मुद्द्यावर आला. "आज सोमवार, बंद असतो म्हणून बरं. पण उद्याचं पीठ आज संध्याकाळी मळायचं. तुम्ही ते फेकलं तर नाही ना?"

"नाही नाही! फेकलं मुळीच नाही," मी म्हटलं. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात घुसले. डबा घासून पालथा. पातेलं घासून पालथं. पळी धुतलेली. एका माणसाची अकरा वर्षं आम्ही काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात बुडवून खाल्ली होती! कुठे वाटीत, कुठे झाकणाला चिकटलेलं, चमचाभर तरी? मी मोरीच्या जाळीपर्यंत बघितलं.

विचारायचं तर सासूबाईंनाच. आणि विचारायचं म्हणजे सांगायचं. खरं सांगते, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते असं – "आई, माझं पीठ थोडं उरलंय का, मैत्रिणीला द्यायचंय" असं म्हटलं तर? म्हणजे त्या माणसाची भट्टी विझायची वेळ आली होती आणि मी माझी तीन तासांची अब्रू वाचवत होते.

सासूबाई आदोळीवर बसून नारळ खवत होत्या. मी समोर उभी राहिले. 

"आई, ते पीठ माझं नव्हतं."

त्यांनी वर बघितलं नाही. खवणं चालूच. "माका ठाऊक आसा."

"म्हणजे? कधीपासून?"

"सकाळी डबो हातात घेतलंय तेव्हापासून. पोटार नाव आसा मोठ्या अक्षरात. 'सौ. रेशमा हिस मामांकडून.' तू काय रेशमा म्हणान इलंस आमच्या घरात?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतलंस म्हणान बघी होतंय." आता त्यांनी मान वर केली. "तू तर मेथी घालूक लागलंस!"

मी तिथेच जमिनीवर बसले. रूपेशचं सगळं सांगितलं. अकरा वर्षं, म्हातारी, जहाज, संध्याकाळचं मळण. सासूबाई ऐकून उठल्या आणि माजघरातल्या गार कोपऱ्यातून चिनीमातीची बरणी काढली. आत अर्ध्याहून जास्त पीठ, जिवंत, बुडबुडे सोडत.

"दुसऱ्याचा आंबवण कोण पुरा संपयता काय? चार पळये घेतलंय, बाकी आपला तांदळाचा पीठ. आणि दुसऱ्याचो डबो रिकामो कसो धाडूचो?"

मला इतकं रडू आलं की त्यांनी नारळाचा हात माझ्या डोक्याला पुसला.

नीलेशला दुकानातून बोलावून घेतलं आणि पुन्हा तोच रस्ता. कुडाळ, झाराप, बांदा. या खेपेला उलटी कोणालाच झाली नाही. रेशमाचा डबा मांडीवर घेऊन सासूबाई पुढे बसल्या, मी मागे ईशानजवळ. रूपेश रस्त्यावरच येऊन उभा होता. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा छातीशी धरला. रेशमाने मात्र तिथल्या तिथे त्यातलं वाटीभर पीठ वेगळ्या बरणीत काढलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की माझ्यापेक्षाही दोषी माणूस जगात आहे हे बघून मला जरा धीर आला.

परतीच्या वाटेवर म्हटलं, आता शेवटचं एक निस्तरायचं. अस्मिताने माझ्या प्रमाणाने तांदूळ भिजत घालायच्या आत तिला खरं सांगून टाकावं. फोन लावला, एका श्वासात सगळं सांगितलं. मेथी खोटी, उडीद खोटा, घड्याळाची दिशासुद्धा खोटी. "माफ कर गं. वहीतलं पान फाडून टाक."

 पलीकडे ती हसत सुटली.

"वहिनी, आईने सकाळी सातलाच डब्यावरच्या नावाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. शालूकाकी आहेत ना त्यात! त्यांनी मेथीचं विचारलं, म्हणून मी वही आणली. तुम्ही बघितला नाहीत फोटो?"

कसा बघणार? मुलांच्या आजारांचे भयानक संदेश येतात म्हणून मी तो ग्रुप कधीचा बंद करून ठेवलाय.

पुढे गाडी चालवणाऱ्या नीलेशचे खांदे गदगदा हलायला लागले. म्हणजे दुकानात बसून त्यानेही तो फोटो बघितला होता!

तर हिशेब असा, की त्या सकाळी पीठ कोणाचं हे सासूबाईंना ठाऊक, शालूकाकींना ठाऊक, मुंबईतल्या नणंदेला ठाऊक आणि दुकानातल्या नवऱ्यालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या बाईला, जी त्याची कृती लिहून देत होती.