जोनची टाकी आणि माझं शिळं पाणी

नौपाड्यातल्या घशाच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून पाहिलं आणि निकाल दिला, "दोन महिने माईक बंद. कुजबुजसुद्धा कमी करा." शुभदा, म्हणजे माझी बायको, शेजारीच होती. ती म्हणाली, "डॉक्टर, लिहून द्या. तोंडी सांगितलेलं यांना लागू पडत नाही."

तीस वर्षं मी भाषणं करतोय. व्याख्यानमाला, निषेध सभा, कोपरा सभा. सगळ्यात जास्त बोललो पाण्यावर. डोंबिवलीत आमच्या मानपाड्याकडच्या वस्तीत सकाळी सहाला पाणी येतं आणि सातला जातं, तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. अशा माणसाला गप्प बसवायचं कसं? मुग्धाने, आमच्या मुलीने, ॲडलेडहून उपाय काढला. "बाबा, इथे या. कॅराव्हॅन घेऊन अशा गावात जाऊ, की तुम्हाला ऐकायला माणूसच भेटणार नाही."

निघालो. सात दिवसांत नऊ शहरं दाखवणाऱ्या सहलींवर माझा राग आहे. माणसं देश बघत नाहीत, बसच्या खिडकीची काच बघतात. एकाच गावात पाच दिवस राहायचं, ही माझी अट होती.

ॲडलेड सोडून उत्तरेला साडेचार तास. गाडीमागे कॅराव्हॅन असली की डिझेल जवळजवळ दुप्पट लागतं, म्हणून अर्धी टाकी झाली की पंप दिसेल तिथे भरायचं, कारण पुढचा कधी दिसेल सांगता येत नाही. संध्याकाळी पाचनंतर गाडी चालवायची नाही. कांगारू थेट समोर उडी मारतात. वाटेत कुठल्याही गावच्या बेकरीतला गरम मटण 'पाय', म्हणजे मटण भरलेली जाड पेस्ट्री, खा, साधारण आठ डॉलर, एकात पोट भरतं. शाकाहारी असाल तर घरून दशम्या न्या. आम्ही दोन्ही केलं.

दोन्ही बाजूंना कापणी झालेले गव्हाचे पिवळे सड, मध्येच छप्पर उडालेली दगडी घरं. पाऊस येईल या भरवशावर लोकांनी इथे शेतं काढली, पाऊस आला नाही, माणसं भिंती ठेवून निघून गेली. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख दाखवत होता. मी खिडकीतून पूर्ण हात हलवला. मुग्धा म्हणाली, "बाबा, एक बोट पुरे. तुम्ही प्रचाराला नाही आलात."

गावाचं नाव देत नाही. का ते पुढे कळेल. एक रुंद रस्ता, एक पब, शनिवारी दुपारी बंद होऊन सोमवारी उघडणारं दुकान, धान्याची उंच कोठारं आणि क्रिकेटचं मैदान. मैदानाच्या कडेला निलगिरीच्या झाडांखाली कॅराव्हॅन लावायला मोकळी जागा. भाडं नाही, डब्यात जे टाकाल ते.

रविवारी दुपारी पोहोचलो, तेव्हा स्वागताला जोन आली. सत्तरी उलटलेली, पुरुषी टोपी, पायात बूट. या जागेची देखभाल ती बिनपगारी करते. तिने आधी दाखवली ती टाकी. गावच्या हॉलच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवणारी पन्हळी पत्र्याची गोल टाकी. गावात पाइपचं पाणी आहे, पण ते मचूळ. पिण्याचं पाणी एवढंच. जोनने बोटाच्या पेराने खालपासून वर टकटक केली. पाणी होतं तिथपर्यंत बद्द आवाज आला, वर खणखणीत. जिथे आवाज बदलला त्या वळीवर तिने खडूने रेघ मारली. हे ती दर रविवारी आणि बुधवारी करते.

"गुरुवारी समितीची सभा आहे," ती म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी या पाण्याने गाडी धुतली. तेव्हापासून अर्ध्या लोकांना प्रवाशांसाठी फाटक बंद करायचंय. मी शब्द दिलाय, की माणसं चांगली असतात. तेवढं पाणी जपा."

"फक्त प्यायला," मी घोगऱ्या आवाजात वचन दिलं. आणि मनापासून दिलं.

पुढचे तीन दिवस सुखाचे. सवयीने सहाला जाग यायची. मुग्धा आणि शुभदा झोपलेल्या असायच्या. मी शांतपणे चहा करायचो, आणि मग झाडाखाली गुलाबी-करड्या काकाकुव्यांचा थवा उतरायचा. एकाच झाडाखाली, आमच्याच. पन्नासेक तरी. मी फोटो काढून डोंबिवलीच्या मित्रांना पाठवले: 'भाषण न करता गर्दी जमवली!' पलीकडच्या कॅराव्हॅनमधलं म्हातारं जोडपं कौतुकाने बघायचं. मंगळवारी ते पुढच्या गावी गेलं.

बुधवारी सकाळी जोन आली, टकटक केली, थांबली. पुन्हा केली. मग टोपी काढून टाकीला टेकून उभी राहिली. "दोन वळ्या उतरलंय," ती म्हणाली. "एरवी तीन दिवसांत अर्धी वळी उतरते. त्या दोघांनी गाडी धुतली असणार. उद्या मी काय तोंड दाखवू?"

ती गेल्यावर माझं डोकं भडकलं. डॉक्टरांचा सल्ला विसरून मी मुग्धापुढे उभा राहिलो. "असली माणसं! दुसऱ्याच्या तोंडचं पाणी चाकांवर ओततात! आपल्याकडे यांना चौकात उभं करून जाब विचारला असता!"

मुग्धा ऐकत नव्हती. ती झाडाकडे बघत होती. "बाबा, ते पक्षी रोज तिथेच का बसतात?"

"सावली आहे."

"सावली सगळीकडे आहे. ती माती ओली का आहे?"

मी बुंध्याशी जाऊन मातीला हात लावला.

रोज सकाळी सहाला मी काय करत होतो? डोंबिवलीत जे तीस वर्षं करतोय तेच. घरात पाणी भरणं माझं काम. आदल्या दिवशीचं शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडी विसळायची, ताजं भरायचं. इथेही पिण्याच्या पाण्याचे आमचे दोन्ही कॅन झाडाच्या बुंध्याशी रिकामे करत होतो, कॅराव्हॅनच्या पोटातली टाकी खालचा नळ सोडून वाहू देत होतो, आणि जोनच्या टाकीतून सगळं काठोकाठ पुन्हा भरत होतो. ते वाया घालवणं आहे हे मनात आलंच नाही. मला वाटत होतं, मी स्वच्छता पाळतोय.

शुभदा दारात आली होती. "अगं, मी—" म्हणालो. तिने ओली माती बघितली, मला बघितलं. "माहीत होतं मला," ती म्हणाली. "मलाही शिळं नको होतं. आता?"

आता काय, हे मलाही कळत होतं. ते जोडपं लांब गेलेलं. विचारणार कुणी नव्हतं. मी कोठारांपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. जाताना मनात एक बचाव तयार होता, मुद्देसूद, टाळ्यांच्या जागांसकट. परत येईपर्यंत त्यातलं एक वाक्य उरलं नाही. जिने आमच्यासारख्यांसाठी शब्द दिला होता, ती उद्या त्या हॉलमध्ये खाली मान घालून बसणार होती.

गुरुवारी दुपारी चारला मी हॉलमध्ये गेलो. नऊ माणसं, एक चहाची किटली, भिंतीवर जुन्या क्रिकेट संघांचे फोटो. अध्यक्ष कीथ नावाचा गव्हाचा शेतकरी. त्याने सुरुवातच केली, "जोन, तुझी चांगली माणसं गाडी धुऊन पळाली. फाटकाला कुलूप लावू या."

मी उभा राहिलो. माईक नव्हता, घसा नव्हता, आणि इंग्रजी माझी वाचायची भाषा, लढायची नव्हे. पाच वाक्यं बोललो. ते पाणी मी ओतलं. त्या जोडप्याने नाही. आमच्या गावी पाणी दिवसाला एक तास येतं. काल भरलेलं आज शिळं समजतात, ते ओतून आम्ही ताजं भरतो. मी विचार न करता तेच केलं. चूक माझी आहे, जोनची नाही.

कीथने चष्मा वर केला. "पाणी शिळं होतं?"

"आमच्याकडे होतं."

"एका दिवसात?"

"एका रात्रीत."

कुणीतरी खुर्ची सरकवली. मग जोन माझ्याकडे वळली. "माझ्या टाकीतलं पाणी मागच्या जुलैतलं आहे. आता एप्रिल. तुम्ही एक दिवसाचं ओतून नऊ महिन्यांचं भरत होतात. कसं लागलं?"

"गोड," मी म्हणालो. खरंच गोड होतं.

आधी मागच्या रांगेतली एक बाई हसली, मग बाकीचे. कीथ मात्र हसला नाही आणि मतही विरोधात दिलं, पण बाहेर पडताना त्याने हात पुढे केला. पाच विरुद्ध चार मतांनी फाटक उघडं राहिलं. कुलूप आता नळाला आहे, किल्ली जोनकडे, प्रत्येक गाडीला तिच्या हातून एक कॅन. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात आणि टोपीवाल्या बाईने किल्ली काढली, तर समजा ते माझ्यामुळे. त्यांच्या मैदानावर माझ्या शब्दाने गर्दी नको, म्हणून नाव लिहिलं नाही.

निघताना मी जोनला विचारलं, ॲडलेडहून पाणी पाठवू का? ती म्हणाली, "तिथलं नळाचं नको. पाऊस आणलात तर घेईन."

परत येऊन महिना झाला. घसा मोकळा झालाय. पाण्यासाठी पुन्हा बोलणार, पूर्वीइतकंच जोरात, कारण एका तासाच्या पाण्यावर वस्ती जगवणं हा अन्यायच आहे. पण तो एक तास येतो तेव्हा मी काय करतो, हे इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही.

आज सकाळी सहाला नळ सुटला. शुभदा आतून म्हणाली, "अहो, पिंपातलं कालचं ओतून द्यायचं का?"

मी पिंपावर खालपासून बोटाच्या पेराने टकटक करत गेलो. अर्ध्याच्या वरपर्यंत बद्द आवाज आला.

"राहू दे गं," म्हणालो. "कोवळं आहे अजून."